जेवणाच्या खोलीतलं ऊन

पश्चिमेला एवढी मोठी खिडकी ठेवू नका, संध्याकाळी खोलीची भट्टी होईल, असं मुंबईहून आलेल्या इंजिनियरनं अक्कांच्या सासऱ्यांना बजावलं होतं म्हणे. सासरे हळदीचे व्यापारी. गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची. सांगलीच्या पेठेत तेव्हा सगळीकडं कौलं आणि लाकडी सज्जे, आणि ह्यांना मात्र मुंबईत समुद्राकाठी नव्यानं उभ्या राहिलेल्या इमारतींसारखी, सपाट छपराची, गोल कोपऱ्याची, सिमेंटची इमारत हवी होती. इंजिनियरनं सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकलं, पण या एका खिडकीपाशी अडून बसले. "आमच्यात दिवा लावून कोण जेवत न्हाई. दिवस मावळायच्या आत घरातलं शेवटचं ताट उचललं पायजे. मला उजेड द्या, उकाड्याचं आमी बघून घेतो."

ही गोष्ट अक्कांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की सासऱ्यांचा आवाज मी स्वतः ऐकलाय असंच मला वाटतं. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. जैन घराण्यातल्या थोरल्या सूनबाई. यजमान लवकर गेले, एकुलता एक मुलगा शिकून बंगळूरला गेला तो तिकडचाच झाला. मी त्यांची दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली म्हणून मेढ्याहून आले, मिस्टर फौजेत, कधी कुठं तर कधी कुठं. दोन खोल्या मिळाल्या त्यात मी आयुष्य काढलं. मिस्टर निवृत्त होऊन इथंच आले आणि काही वर्षांनी इथूनच गेले.

ही इमारत पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, मालकाचे पैसे संपले असणार, म्हणून छप्पर राहून गेलंय. आमच्या जावळीत पाऊस असा की सपाट छपराचं घर बांधणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. पुढं शाळेतल्या मुलींना मी रस्त्याच्या पलीकडं बसवून हीच इमारत चित्रात काढायला लावायची. समोर सरळ सपाट गच्ची दिसत असायची, आणि निम्म्या मुली तिच्यावर त्रिकोणी छप्पर काढून मोकळ्या व्हायच्या. घर म्हटलं की त्रिकोण, हे त्यांच्या हातात इतकं मुरलेलं. मी चिडायची. "डोळे कशाला दिलेत देवानं, काजळ घालायला?" असं ओरडायची, आणि मग आठवायचं की मीही तेच केलं होतं.

नीट बघायला शिकले तसा माझा जीव या इमारतीवर जडला. तिचा रस्त्यावरचा कोपरा खरोखर गोल होता, गवंड्यानं तळहातानं फिरवून केल्यासारखा. दर मजल्यावर सिमेंटचे लांब छज्जे कोपऱ्यावरून न तुटता वळलेले. जिन्याला एकावर एक तीन गोल खिडक्या, बोटीला असतात तशा. बोट कुणी बघितली नव्हती, पण गावानं इमारतीला आगबोट म्हणायला सुरुवात केली ती आजतागायत. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागायचा नाही. नक्षी म्हणून कुठं नव्हती. मोर नाहीत, कमळं नाहीत, नुसत्या रेघा. इतक्या साध्या गोष्टीत इतकी ऐट असू शकते हे मला त्या इमारतीनं शिकवलं, माझ्या चित्रकलेच्या परीक्षांनी नव्हे.

पण खरी इमारत मागच्या बाजूला होती, पहिल्या मजल्यावर, जेवणाच्या खोलीत. ती खिडकी खोलीच्या कोपऱ्यावरून वळत होती आणि त्या कोपऱ्यात खांबच नव्हता. दोन्हीकडची काच काचेला येऊन भिडायची. खाली मागचं अंगण, विहीर, हळदीचं बैठं गोदाम, आणि त्याच्यापलीकडं नदीकाठची झाडं. सूर्याला अडवायला काही नव्हतं. दुपार कलली की ऊन आत येऊन हिरव्या मोझॅकच्या फरशीवर पडायचं, तिथून सरकत सरकत समोरच्या भिंतीतल्या सागवानी फडताळावर चढायचं. हिवाळ्यात डाव्या दारावर, उन्हाळ्यात उजव्या. खालच्या कप्प्याच्या कडीपर्यंत ऊन आलं की ताटं घ्यायची, आणि ते वरच्या फळीला टेकायच्या आत हात धुवायचे, असा त्या घराचा नेम. घड्याळ होतं, पण जेवणासाठी त्याच्याकडं कुणी बघत नसे. इतक्या वर्षांच्या उन्हानं फडताळाचा खालचा भाग फिकटला होता, वरचा तसाच काळपट राहिला होता, आणि मधली ती जागा लांबूनही कळायची.

माझं त्या खोलीतलं जेवण सुरू झालं ते अक्कांच्या एका प्रश्नानं. मी नवीनच होते, शाळेतून येऊन जिना चढत होते. त्या दारात उभ्या. "बाई, एकट्याच जेवता व्हय वर?" मी हो म्हटलं. "आवं मग या की. एकटं माणूस जेवतं कुठं, नुसतं पोट भरतं." मी गेले. ताटात ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, वरण. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. चांगला उजेड असताना रात्रीचं जेवण आटपलं, आणि झोपायच्या वेळी माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. कित्येक दिवस मी वर जाऊन गुपचूप शेंगदाण्याची चटणी आणि शिळी भाकरी खायची. अक्कांना ते ठाऊक होतं. एकदा म्हणाल्या, "बाई, उंदरं लय झाल्यात वरच्या मजल्यावर. लसणाचा वास मारतोय त्यांच्या तोंडाला." मी लाजले, त्या हसल्या. हळूहळू पोटाला सवय झाली. पुढं मिस्टर आले तेही खाली जेवायला लागले. फौजेत सगळं चालवून घेतलेला माणूस, पण त्या उन्हात बसला की घास सावकाश घ्यायचा.

अक्का लहान मुलगी असल्यापासून दिवस मावळल्यावर जेवल्या नव्हत्या. आजारपणात नाही, प्रवासात नाही, मुलाच्या लग्नाच्या गडबडीतही नाही. हे त्या मिरवत नसत. नियम म्हणजे नियम, त्यात सांगायचं काय, असा त्यांचा स्वभाव. पण एक बारकी गोष्ट होती आणि ती नंतर फार महत्त्वाची ठरली. त्यांच्या सासऱ्यांनी घालून दिलेला दंडक सूर्यापुरताच नव्हता. ताटावर दिव्याचा उजेड पडता कामा नये, असाही होता. पंचांगातली वेळ काहीही असो, खोलीत दिवा लावायची पाळी आली म्हणजे जेवणाची वेळ गेली. त्या खोलीला छतात दिव्याची जागाच ठेवलेली नव्हती.

मग तो मोठा पूर आला. कृष्णा पेठेत शिरली, तळमजल्यावरच्या पेढीत माणूसभर पाणी. आम्ही दोघी वरच्या मजल्यावर, खाली नावा फिरतायत. नाववाल्यांतला एक जण ओरडून म्हणाला, "आक्का, आगबोट सोडा आता, पाणी मिळालंय!" आणि त्या परिस्थितीतही अक्का हसल्या. पाणी ओसरलं, चिखल काढला, तळमजल्याच्या भिंतींतून कितीतरी महिने हळदीचा ओला वास येत राहिला. आणि एके दिवशी इमारत धोकादायक असल्याची नोटीस दारावर चिकटलेली दिसली.

अक्कांचे धाकटे दीर, ज्यांना सगळे भाऊजी म्हणत, ते विश्रामबागेकडं नव्या घरात राहायचे. इमारत दोघांच्या सामाईक मालकीची. नोटीस लागल्यावर त्यांच्या मुलांनी लकडा लावला, पाडा आणि मोठी बांधा. भाऊजी वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणालाही त्यांचा राग येईल. मलाही आला होता. अक्का मात्र ऐकेनात. "ही पाडली तर मी कुठं जेवू?" एवढंच म्हणायच्या. लोकांना वाटायचं म्हातारी काहीतरी बोलते. मला कळत होतं.

मी हातपाय हलवले. कोल्हापूरच्या एक आर्किटेक्ट बाई जुन्या सिमेंटच्या इमारतींवर काम करतात असं कळलं, त्यांना बोलावलं. त्या आल्या, भिंती ठोकून बघितल्या, गच्चीवर उन्हात दोन दिवस बसल्या, आणि म्हणाल्या की इमारत ठणठणीत आहे, काही छज्ज्यांतलं लोखंड गंजलंय तेवढं बदलायचं. तशी सही करून कागद दिला. अशी दुसरी इमारत या बाजूला राहिली नाही, असंही म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. पण मालक दोन, आणि दोघांचं म्हणणं उलटं. तेव्हा अक्कांनीच तोड काढली. वाटणी करू म्हणाल्या.

आमच्या भागात वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला आपसूकच सारखे वाटे पाडतो, कारण कुठला आपल्याला राहणार हे त्याला ठाऊक नसतं. थोरल्या भावाच्या जागी आता अक्का होत्या. वाटे त्यांनी पाडायचे होते. आणि त्यांनी ते असे पाडले की आजही मला त्या बाईच्या डोक्याचं कौतुक वाटतं. एका वाट्यात रस्त्यावरची आख्खी इमारत, बाकी काही नाही. दुसऱ्या वाट्यात मागचं अंगण, विहीर, गोदाम, आणि जोडीला घराण्याचा कुंडलचा उसाचा मळा, सगळाच्या सगळा. नोटीस लागलेली जुनी इमारत कोण घेईल, बारमाही पाण्याचा मळा सोडून? आदल्या दिवशी संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या त्यांनी मला हे सांगितलं. "मळा गेला तर जाऊ दे, बाई. मी काय आता ऊस तोडायला जातीय? ही खोली राहिली म्हंजे बास." ऊन त्यांच्या हातावर होतं. मी म्हटलं, अक्का, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं.

वाटणी त्याच खोलीत झाली. भाऊजी, त्यांची दोन मुलं, बंगळूरहून आलेला अक्कांचा मुलगा, दोन नातेवाईक. अक्कांनी वाटे सांगितले. भाऊजींनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. वहिनी काय करतायत हे त्यांना समजलं असणार. त्यांनी मागचा वाटा उचलला. भांडण नाही, आवाज चढला नाही. अक्कांनी सगळ्यांना स्वतः वाढलं, ऊन फडताळाच्या वरच्या फळीला टेकायच्या आत सगळे जेवून उठले. वर जाताना मी जिन्याच्या गोल खिडकीला हात लावला आणि मला रडू आलं, आनंदाचं. शाळेत पेढे वाटले. आपण जिंकलो असं मला इतकं पक्कं वाटत होतं की दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच हाका मारत होते.

वाटणीत जमीन मोजली होती, भिंती मोजल्या होत्या, विहिरीचं पाणी कुणी किती घ्यायचं तेही ठरलं होतं. उजेड कुणाचा, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. अक्कांनाही नाही. ज्या खोलीसाठी त्यांनी एवढा मळा सोडला, तिचा उजेड मागच्या अंगणावरून येत होता, आणि ते अंगण त्यांनी स्वतःच्या हातानं दुसऱ्या वाट्यात घातलं होतं.

भाऊजींच्या मुलांनी मागची जागा बिल्डरला दिली. गोदाम पाडलं तेव्हा एवढी हळद उडाली की आमच्या खिडकीच्या काचा पिवळ्या झाल्या. विहीर बुजवली. मग खांब यायला लागले. एक मजला झाला, दुसरा झाला. त्या दिवसांत आम्ही दोघी जेवताना त्या बांधकामाबद्दल बोलायचो नाही. भाजीचं बोलायचो, शाळेचं बोलायचो, आणि दोघींचं लक्ष फडताळावर. आधी ऊन वरच्या फळीला पोचेना. मग कडीपर्यंत येईना. मग ते फरशीवरच तुटायला लागलं, सरळ रेघेत, कापल्यासारखं, आणि त्या रेघेच्या अलीकडं एकदम सावली. बाहेर गावात अजून लख्ख ऊन असायचं.

अक्का ताटं लवकर घ्यायला लागल्या. ऊन आहे तोवर जेवायचं, मग ऊन कितीही लवकर जावो, त्याच्या आधी. सहाचं पाचवर आलं, पाचचं चारवर. मी शाळेतून निवृत्त झाले होते म्हणून बरं, नाहीतर मला पोचताच आलं नसतं. दुपारचं जेवण पोटातून उतरायच्या आत पुढचं ताट. मुलगा फोनवर म्हणाला, आई, सूर्य अजून आहे ना, पंचांगात बघ, दिवा लावून सहाला जेव की, नियम मोडत नाही. एका रविवारी येऊन त्यानं त्या खोलीत भिंतीवर ट्यूब बसवून दिली. चांगल्या मनानं केलं. अक्का ट्यूबखाली बसल्या, ताट पुढं घेतलं, घास हातात घेतला. तो तसाच धरून बसल्या. मग ताटात ठेवला आणि उठल्या. त्या ट्यूबचं बटण परत कुणी दाबलं नाही.

"समोरच्या गॅलरीत बसून जेवू या," असं मी सुचवलं. गॅलरी पूर्वेची, संध्याकाळी तिथं प्रकाश असतो पण ऊन नसतं. शिवाय खाली रस्ता. अक्का आयुष्यात कधी रस्त्याला तोंड करून जेवल्या नव्हत्या. गच्चीवर एका कडेला ऊन मिळालं असतं, पण त्यांचे गुडघे जिन्याला नको म्हणत होते. मी उचलून नेण्याचंही बोलले. त्या म्हणाल्या, "जेवायला वर उचलून न्यायचं म्हंजे काय वो, बाई? मी काय देवळातली मूर्ती हाय?" माझ्या मनात मात्र राग उकळत होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं, कारण अन्याय कुणीच केला नव्हता.

पर्युषण संपल्यावर जैन लोक एकमेकांकडं जाऊन क्षमा मागतात. वर्षभरात कळत नकळत काही दुखावलं असेल तर माफ करा, असं लहान मोठ्याला आणि मोठा लहानालाही म्हणतो. भाऊजी दर वर्षी येत, त्या वर्षीही आले. तिसऱ्या प्रहरी, जेवणाच्या खोलीतच बसले. ते त्याच खोलीत लहानाचे मोठे झालेले. खिडकीबाहेर त्यांच्याच जागेतली भिंत, तिच्यावर एसीच्या पेट्या टांगलेल्या. ते खिडकीकडं बघत राहिले, मग फरशीकडं, मग फडताळाकडं. हात जोडले. "वैनी, कायबी चुकलं असंल तर माफी करा," म्हणाले. हे वाक्य दर वर्षीचंच. पण या वेळी जोडलेले हात त्यांनी लवकर सोडले नाहीत. अक्कांनीही हात जोडले, "माजंबी चुकलं असंल, भावजी, वाटे मीच पाडलेते," असं म्हणाल्या. मी चहा करायला म्हणून उठले आणि आत जाऊन नुसती उभी राहिले. भाऊजींवरचा माझा राग त्या दिवशी गेला. तो राग होता तेव्हा बरं होतं, असं कधीकधी वाटतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्कांनी संध्याकाळचं जेवण सोडलं. सकाळी एकदाच जेवायचं. जैनांमध्ये असं एकदाच जेवण्याचं व्रत असतं, मोठं मानतात. बातमी पेठेत पसरली. बायका नमस्काराला यायला लागल्या. कुणी श्रीफळ आणलं, कुणी सुनेला पाया पडायला लावलं. या वयात एवढा त्याग, असं म्हणत. मुलगा फोनवर भरून येऊन बोलला. अक्का सगळ्यांना बसा म्हणायच्या, व्रताबद्दल अक्षर बोलायच्या नाहीत. सगळे गेल्यावर एकदा मला म्हणाल्या, "व्रत कसलं, बाई. सावलीत घास उतरत न्हाई." मी म्हटलं, मग सांगा की लोकांना. "कशाला? त्यांना बरं वाटतंय. आन् भावजींच्या कानावर गेलं तर ते जेवायचं सोडतील." मी वर गेले. त्या दिवशी मीही जेवले नाही, पण रात्री भूक लागली आणि मी चटणी-भाकरी खाल्ली. रडत रडत खाल्ली, पण खाल्ली.

मधल्या काळात समोरच्या बाजूचं काम पुरं झालं. आर्किटेक्ट बाईंनी छज्जे दुरुस्त केले, पूर्वीचा फिकट पिवळसर रंग खरवडून शोधून काढला आणि तोच दिला. गोल कोपऱ्यावर खालून प्रकाश सोडणारे दिवे बसवले. उद्घाटनाच्या संध्याकाळी रस्ता बंद केला होता, पाहुणे, भाषणं, ड्रोन. एक वक्ते म्हणाले की सांगलीनं आपला वारसा जपला. अंधार पडता पडता दिवे लागले आणि आगबोट खरोखर इतकी सुंदर दिसली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं का बोलू. अक्कांना मुलानं खुर्ची देऊन पुढं बसवलं होतं. त्या वर बघत होत्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "केवढा उजेड केलाय वो, बाई. आतला एकबी दिवा लावला न्हाई तरी." मग त्यांना बसवेना म्हणून मी त्यांना वर घेऊन गेले. जेवणाच्या खोलीत काळोख होता. आम्ही थोडा वेळ तिथं बसलो.

पुढच्या हिवाळ्यात अक्का गेल्या. सकाळी, आंघोळ करून, नेहमीच्या जागी बसलेल्या असताना. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हटलं. पेठेतली माणसं व्रताबद्दल बोलत राहिली. अंत्ययात्रेला भाऊजी चालत होते, त्यांना दोघांनी धरलं होतं.

मुलानं इमारत विकली नाही, हा त्याचा चांगुलपणा. आतलंही सगळं नीट करून घेतलं. आता रविवारी लोक बघायला येतात, आणि आर्किटेक्ट बाईंनी त्यांना फिरवायचं काम माझ्यावर सोपवलं आहे, म्हातारी इथंच राहते, तिला सगळं माहीत आहे म्हणून. मी गोल कोपरा दाखवते, जिना दाखवते. जेवणाच्या खोलीतली खिडकी आता लखलखीत आहे. लोखंडी चौकटी नव्या रंगवल्या, काच बदलली, कोपऱ्यात खांब नाही हे बघून लोक थक्क होतात, फोटो काढतात. फोटोत मागची भिंत येऊ नये म्हणून वाकडे होतात.

गेल्या रविवारी पुण्याहून मुलींचा एक घोळका आला होता, आर्किटेक्चर शिकणाऱ्या. त्यातली एक चुणचुणीत पोरगी खिडकीपाशी उभी राहून बाहेर बघत होती. मला म्हणाली, "आजी, या भिंतीकडं बघायला एवढी मोठी खिडकी कशाला केली असेल हो?"

मी म्हटलं, "जेवायला."

तिला कळलं नाही. ती हसली, मी चेष्टा केली असं तिला वाटलं. मग मी तिला हाताला धरून फडताळासमोर आणलं आणि सांगायला लागले. म्हटलं, ऊन इथून चढायचं, इथं आलं की ताटं घ्यायची, आणि अक्का नेमक्या इथं ऊन आलं की पहिला घास घ्यायच्या. हात वर नेला आणि तो तसाच राहिला. फडताळाला नवीन पॉलिश केलं आहे. फार सुरेख केलं आहे, वरपासून खालपर्यंत एकसारखं. उन्हानं फिकटलेली जागा त्यात कुठंच नव्हती. मी दोनदा हात फिरवून बघितला, कडीच्या वर, कडीच्या खाली. मुलगी वाट बघत होती.

"इथंच कुठंतरी," मी म्हटलं, आणि मुलींना गच्ची दाखवायला घेऊन गेले.